सतरा नंबरचा साचा

फिलू, मला शिसारी आलीय. खरं तर रडू येतंय असं लिहायला हवं, पण मेलेल्या मैत्रिणीशी तरी पहिल्याच ओळीत थाप मारू नये. थापा पुढे येतीलच.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. तुझी पेटी विमानातून वसईला गेली, तुझ्या भावाने तुला मातीत ठेवलं. त्याचा व्हिडिओ मला आला, तो मी तुकड्यातुकड्यांनी पाहिला. माझ्या लेकीने शेवटी फोन हातातून काढून घेतला. "मॉम, इनफ. डोन्ट वॉच इट अगेन." मी म्हटलं, अगो, बघत नाहीये, चेक करतेय, टीचरला नीट ठेवलं की नाही.

इकडे दुबईत बॉसने क्लासातच शोकसभा ठेवली. जुमेरा लेक टॉवर्समधली आपली तीच खोली, चोविसावा मजला, एसी एवढा गार की माणूस मेला तरी आठवडाभर टिकेल. (बघ, पहिली थाप आलीच.) तुझा फोटो म्हणून त्याने व्हिसाच्या कागदावरचा फोटो दाराएवढा मोठा करून लावला. त्यात तू अशी बघतेयस की समोरच्याने नुकतीच कॉपी केलीय आणि ते तुला दिसलंय. कोपऱ्यात प्लास्टिकची लिलीची फुलं, वर गुलाबाच्या वासाचा फवारा. प्लास्टिकच्या लिलीला गुलाबाचा वास! आणि बॉस माझ्या कानात: "रशिदा मॅडम, थोडा इमोशनल रखेंगे, लेकिन आधे घंटे में खलास. पाँच बजे वोकॅब की बॅच है."

तरी ह्या सगळ्याने मला शिसारी आली नव्हती. ती आणली कार्डांनी.

कार्डांचं सांगायचं तर आपला धंदा सांगावा लागेल. तुला नाही, तुला माहीत आहे. पण हे आणखी चार माणसं वाचणार, त्यांना कळायला हवं. तर लोकहो, एक रत्नागिरीकडच्या खाडीकाठची मुसलमान आणि एक वसईची ख्रिस्ती, दोघींना चिनी भाषेत धड पाणी मागता येत नाही, अशा ह्या दोघी नऊ वर्षं दुबईत बसून चिनी इंजिनिअरांना इंग्रजी शिकवत होत्या. ही माणसं इथे नोकरीला आलेली. कुणी टॉवर बांधतो, कुणी अल क्वोजच्या वेअरहाऊसमध्ये मशिनरी विकतो. पण मनात एकच: परत जायचं आणि पीएचडी करायची. त्यासाठी तिकडे प्रवेशपरीक्षा, आणि त्यात इंग्रजीचा पेपर. माणूस पूल बांधण्यात कितीही हुशार असो, ह्या पेपरात आपटला की पूल पाण्यात. शब्द, उतारे, भाषांतर, आणि शेवटी निबंध. निबंधात सगळे आपटायचे.

म्हणून मी साचे काढले. साचा म्हणजे पाठ करायचा तयार निबंध, मधे रिकाम्या जागा. विषय प्रदूषण आला, जागेत प्रदूषण टाका. मोबाईल आला, मोबाईल टाका. म्हातारे आईबाप आले, आईबाप टाका. असे बत्तीस साचे मी रचले, आणि त्यात सतरा नंबर म्हणजे राजा. "समाजाच्या वेगवान विकासाबरोबर अमुकतमुक हा सर्वत्र चर्चेचा विषय बनला आहे," अशी सुरुवात. माझा सतरा नंबर शांघायच्या विमानात चहाबरोबर वाटतात, असं मी नव्या बॅचला सांगायचे. तू मागून ओरडायचीस, "रशिदा, अर्धं कर गो!" माझ्या प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक गोष्टीला तुझा हाच भाव होता.

तर शोकसभेला सत्तावीस विद्यार्थ्यांनी सत्तावीस कार्डं आणली. दोन्ही हातांनी दिली. झाओ, तो दांडगा क्रेनवाला, कमरेत इतका वाकला की मला वाटलं आता सरळ होत नाही. डोळ्यांत पाणी. मी कार्ड उघडलं.

"समाजाच्या वेगवान विकासाबरोबर फिलोमिना टीचरचं निधन हा सर्वत्र चर्चेचा विषय बनला आहे."

दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. फिलू, सत्तावीसच्या सत्तावीस सतरा नंबर! "प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, तशाच टीचरच्या मृत्यूलाही आहेत. एकीकडे आम्हांला दुःख झालं. दुसरीकडे आम्हांला वेळेचं महत्त्व पटलं." आणि शेवट तर माझा खास, घासूनपुसून केलेला: "सरकार, शाळा आणि पालक यांनी एकत्र येऊन ह्या प्रश्नावर उपाय शोधला, तर उद्याचा दिवस नक्कीच उज्ज्वल असेल." सरकार, फिलू! तुझ्या मरणावर सरकार, शाळा आणि पालक उपाय शोधणार!

मला आधी हसू आलं. ते दाबायला गेले आणि ही शिसारी आली. मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. झाओला नंतर विचारलं, बाबा रे, हे असं का? तो गोंधळला. म्हणाला, टीचरला चुकीचं इंग्रजी कसं द्यायचं? टीचरसाठी सगळ्यांत चांगलं इंग्रजी हवं. त्यांच्याकडे जे सगळ्यांत चांगलं होतं ते त्यांनी आणलं होतं. ते मी दिलेलं होतं. त्यांच्यात काही खोटं नव्हतं गं. खोटं होतं ते माझं.

तू हे नऊ वर्षं सांगत होतीस. पॅन्ट्रीत उभ्या-उभ्या, चहाचा कप माझ्या नाकासमोर हलवत: "पाठ केलेलं वाक्य म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. मला बघवत नाही." मी म्हणायचे, "तुझं काय जातंय? ते गिळतायत ना?" तू म्हणायचीस, नाताळच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, साचा असतो, तो ठीक, पण सारण तरी आत पाहिजे, तुझ्या नेवरीत आत हवा. मी म्हणायचे, हवेलाही मार्क आहेत, तुझ्या सारणाला शून्य. आणि शून्यच असायचं! तुझी मुलं (मुलं कसली, टक्कल पडलेले बाप्ये) लिफ्टमध्ये काय पाहिलं, सासूचा फोन आला तेव्हा काय वाटलं, असलं पाच-पाच ओळी लिहायची आणि परीक्षेत नापास व्हायची. माझी पास व्हायची. बॉस माझ्यावर खूश, तुझ्यावर नाराज. तुला फरक नाही. तुझा हट्ट एवढा की त्याच्यावर गवंडी लावून आणखी एक टॉवर उभा राहिला असता.

उताऱ्यांच्या तासालाही तेच. "लेखकाची वृत्ती कोणती?" असा प्रश्न हमखास यायचा. खाली चार पर्याय: आशावादी, तटस्थ, साशंक, तिटकारा. मी विद्यार्थ्यांना नियम दिला होता, तिटकारा दिसला की डोळे मिटून फुली मारा, तो कधीच बरोबर नसतो. परीक्षेला बसवलेल्या उताऱ्यांत कुणालाच कशाचाच तिटकारा नसतो. तू हे ऐकून वर्गाबाहेर निघून गेली होतीस. आता मी त्या फुली मारलेल्या चौकोनात बसलेय. दोन्ही पाय वर घेऊन.

पण एक सांगते, नाहीतर ही नुसती कटकट होईल. मी ह्या खोलीत पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. एमए केलेलं, पण बोर्डासमोर कधी उभी राहिलेली नाही. बॉस काचेतून बघतोय. तेव्हा तू मागच्या बाकावर विद्यार्थी होऊन बसलीस. तीन आठवडे, रोज, तुझा स्वतःचा रिकामा तास घालवून. मुद्दाम बावळट प्रश्न विचारायचीस, म्हणजे मला उत्तर येईल. एकदा तर विचारलंस, "मॅडम, डिक्शनरी मीन्स वॉट?" सगळे हसले, मीही हसले, आणि माझी जीभ सुटली. ती पुन्हा कधी बांधली गेली नाही, ह्याला जबाबदार तू. ह्याचे आभार मी तुझे कधीच मानले नाहीत. उलट सगळीकडे सांगत फिरले की वसईवाल्या टीचरला डिक्शनरी माहीत नव्हती.

आता लिनचं. हे सांगायचंच होतं, तुझ्या तोंडावर सांगायचं होतं.

लिन रास अल खैमाच्या लाद्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघायची. चव्वेचाळीस वर्षांची, दोनदा इंग्रजीत नापास. तिच्या युनिव्हर्सिटीची वयाची अट. ही खेप गेली की दार कायमचं बंद. तिला एकच गोष्ट शोधायची होती: भट्टीतून बाहेर आलेल्या चांगल्या लादीवर नंतर बारीक तडे का जातात. दर शनिवारी ती तासाहून जास्त गाडी चालवत यायची, आणि तू तिला एकटीला घेऊन बसायचीस. आठ महिने. एकदा तिची वही घेऊन माझ्याकडे धावत आलीस. चष्मा डोक्यावर, आणि डोळ्यांसमोर वही धरून वाचतेयस: "'लादी गार होताना आवाज करते. मी ऐकते. तडा जाणार असेल तर मला आधी कळतं.' बघ, रशिदा! बघ!"

मी म्हटलं, "फारच छान. मार्क किती?"

तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. (खरं तर दुपारपर्यंत. पण दोन दिवस वाटले.)

मग तुझी ती ॲसिडिटी. जगात कुणाला इतके महिने ॲसिडिटी नसते, पण तू म्हणालीस म्हणून आम्ही मानलं. हॉस्पिटलमध्ये गेलीस आणि तिथेच राहिलीस. निबंधाचा तास माझ्याकडे आला, आणि लिनही. परीक्षेला दोन आठवडे राहिलेले. मी तिला घड्याळ लावून बसवलं. चाळीस मिनिटांत तिने सहा ओळी लिहिल्या. सगळ्या खऱ्या. सातवी सुचेना. पेन खाली ठेवलं आणि रडायला लागली, आवाज न करता, पाठ अगदी ताठ ठेवून.

फिलू, मी सतरा नंबर काढला. पॅन्ट्रीत नेऊन तिच्या हातात दिला. "हे पाठ कर. विषय कोणताही येवो, हेच लिही. आणि टीचरला सांगू नकोस."

ती म्हणाली, "टीचर अँग्री?"

"टीचर सिक," मी म्हटलं. आजारी माणसाच्या पाठीमागे त्याचं घर विकतात ना, तसं वाटलं. तरी विकलं.

त्यानंतर मी पाच वेळा तुझ्याकडे आले. डब्यात सूप. तू दरवेळी पहिला प्रश्न तोच विचारायचीस: "लिन काय म्हणते?"

"तुझ्या पद्धतीने लिहितेय. काल तर दोन पानं लिहिली. भट्टीचं असं वर्णन, असं वर्णन, की मला घाम आला."

तू उशीवर डोकं टेकवून माझ्याकडे बघायचीस. "अर्धं कर गो."

"बरं, एक पान."

आणि तू हसायचीस आणि सूप प्यायचीस. मला वाटायचं, आता सांगावं. जिभेपर्यंत यायचं. मग मी झाओची क्रेन वाळूत रुतली आणि उंटाने ओढून काढली, असलं काहीतरी सांगून बाहेर पडायचे. लिफ्टमध्ये माझी मलाच घाण वाटायची. लिन परीक्षा देऊन परत आली, आणि चौथ्या दिवशी तू गेलीस. निकाल लागला नव्हता. मी सांगितलं नव्हतं. खलास.

गेल्या गुरुवारी लिन क्लासात आली. पास झालीय. युनिव्हर्सिटीचं पत्र आलंय, सप्टेंबरात जायचंय. मी तिला मिठी मारली, ती त्या मिठीत फळ्यासारखी उभी. मग मी हळूच विचारलं, काय लिहिलंस?

"सेवन्टीन," ती म्हणाली. "ऑल सेवन्टीन."

म्हणजे मी जिंकले, फिलू. नऊ वर्षांच्या भांडणाचा निकाल माझ्या बाजूने लागला. असा ओला, गिळगिळीत विजय मी उभ्या आयुष्यात हातात धरला नव्हता. मी तिला म्हटलं, बाई गं, मी तुला एक पाप करायला लावलं. टीचरपासून लपवायला लावलं. टीचर गेली आणि तिला कळलंच नाही.

लिनने माझ्याकडे असं बघितलं, जसं तुझ्या त्या डिक्शनरीच्या प्रश्नावर वर्गाने बघितलं होतं.

"टीचर नोज," ती म्हणाली.

मी साचा दिला त्याच दिवशी ती पॅन्ट्रीतून निघाली ती थेट हॉस्पिटलमध्ये. टीचरपासून लपवायचं ही गोष्टच तिला जमण्यासारखी नव्हती. कागद तुझ्यासमोर ठेवला. तू वाचलास. चष्मा पुसून पुन्हा वाचलास, म्हणाली. मग फोनवर घड्याळ लावलंस आणि म्हणालीस, "स्टार्ट." तिने म्हणून दाखवलं. "अगेन." पुन्हा. ती परीक्षेला जाईपर्यंत सहा वेळा आली, दरवेळी तू तिच्याकडून तीनतीनदा पाठ करून घेतलंस. हा आकडा लिनचा आहे, माझा नाही, तेव्हा अर्धा करू नकोस. तुला धाप लागायची, तरी मधे अडकली की पुढचा शब्द तू सांगायचीस. म्हणजे तुला पाठ झाला होता! माझा सतरा नंबर! आणि तिला ताकीद दिलीस. लिनच्या तोडक्या इंग्रजीतून मला तुझा आवाज जसाच्या तसा ऐकू आला: ह्या वेळी रशिदाचं ऐक. पण तिला सांगू नकोस. डोक्यावर बसेल.

लबाड! अगो लबाडांची राणी! पाच वेळा माझं खोटं ऐकलंस, वर सूप प्यायलीस! आपल्यात वाटणी ठरलेली होती ना? खोटं मी बोलायचं, तू सरळ राहायचं. मरता-मरता माझं खातं माझ्याकडून काढून घेतलंस. आणि मी मूर्ख, सगळ्या शारजा-दुबईला थापा पचवणारी मी, तुझ्या पलंगाशी बसून समजत होते की मी तुला फसवतेय.

चार दिवस तुझ्यावर भडकलेय. लेक म्हणते, "मॉम, शी वॉज जस्ट बीइंग नाइस." नाइस! मला तू नाइस नको होतीस. मला तू हट्टी हवी होतीस. मी साचे बिनधास्त विकत होते ते कशाच्या जोरावर? शेजारच्या खोलीत एक वसईवाली बाई बसलीय, ती काही केल्या ऐकणार नाही, ह्या जोरावर. कुणीतरी नाही म्हणतंय म्हटल्यावर बाकीच्यांना हो म्हणायला सोपं जातं. तू हो म्हणालीस आणि मला माझंच सगळं नासकं दिसायला लागलं. कार्डं पुन्हा काढून वाचली. ती आता आणखी घाण वाटतात, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य तुझ्या तोंडूनही गेलेलं आहे, धापा टाकत, घड्याळ लावून.

आणि तरी, लिनचं वय निघून चाललंय हे तू बघितलंस. स्वतःचं म्हणणं खाली ठेवून तिला पार केलंस. मला ते नऊ वर्षांत एकदाही जमलं नाही, स्वतःचं म्हणणं खाली ठेवणं. हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण लिहितेय.

काल शनिवार. तुझी बॅच बॉसने मला दिली. अकरा जण, नवीन, वह्या उघडून, पेनं काढून तयार. बॉस दारात: "यल्ला, चलो मॅडम, पहले दिन ही सत्रह नंबर दे दो. मार्केट में उसी का नाम है."

मी म्हटलं, "सर, साचा नाही."

"मतलब?"

"मतलब साचा नाही. खलास."

तो काचेच्या पलीकडे जाऊन हातवारे करत राहिला. माझी जुनी बाजू आता तो मांडतोय, फिलू, आणि किती वाईट मांडतोय गं! मला तर वाटलं बाहेर जाऊन त्याला चार मुद्दे सुचवावे. पहिल्या बाकावरच्या एकाने नम्रपणे हात वर केला. "मॅडम, देन वॉट टू रिमेंबर?"

"काही नाही. सकाळपासून काय पाहिलं ते लिहा. पाच ओळी."

त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती मी भूकंपाच्या ड्रिललाही पाहिली नव्हती. चाळीस मिनिटं कुणी मान वर केली नाही. बॉस दोनदा आत डोकावून गेला, दुसऱ्यांदा घड्याळ दाखवून.

मला माहीत आहे, ह्यातले कितीतरी नापास होतील. एखादी लिन येईल, शेवटच्या खेपेची, ताठ पाठीने रडणारी, आणि तेव्हा मी काय करीन ते मला माहीत नाही. तू काय केलंस ते माहीत आहे, आणि त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. कुणीतरी तुझ्या जागी हट्ट धरून बसायला हवं, एवढंच. म्हणून बसलेय. समोर अकरा वह्या. एक लिहितो, "पार्किंग मिळालं नाही. मी गाडीत बसून बायकोला फोन केला. ती झोपली होती, म्हणून मी बोललो नाही, ऐकलं." चार चुका आहेत त्यात. पुढच्या वहीत सात. वाचून डोकं उठलंय, लाल पेन संपत आलंय, आणि ह्या सगळ्या पानांत माझं एकही वाक्य नाही.